कुनान, आज उशीर केलास

तेवीस सप्टेंबर, मंगळवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. गावाच्या रेडिओवर इझ्राचा आवाज आला. "कुनान," तो म्हणाला, "आज उशीर केलास."

कुनान हे त्याच्या बायकोचं नाव. तिला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती.

तापकाकमध्ये, उत्तरेच्या गोठणाऱ्या समुद्रातल्या बेटावरच्या आमच्या या गावात, प्रत्येक स्वयंपाकघरात एक रेडिओ असतो आणि सकाळी तो चालूच असतो. बोटी, ट्रक, शाळा, चर्च, सगळे एकाच चॅनेलवर बोलतात. एक जण बटण दाबून बोलत असला की बाकीच्यांना फक्त ऐकता येतं. गावकचेरीतला रेडिओ माझ्याकडे असतो. कोणती बोट कधी सुटली, कधी परतली, पांढरं अस्वल कुठे दिसलं, हे वहीत वेळेसकट लिहिणं हे माझं काम. नऊ बाराची नोंद मी अर्धीच लिहिली. पुढे काय लिहावं ते कळेना.

आवाज दबका होता, उशीखालून यावा तसा, पण शब्द न् शब्द कळत होता. इझ्रा इन्युपियाकमध्ये, आमच्या जुन्या भाषेत, बोलत होता. शाळेतल्या पोरांना त्यातलं निम्मंच कळलं असेल. नाव मात्र सगळ्यांना कळलं.

"बस. घाई नाही. ही माणसं फोटो काढतील, तू लक्ष नको देऊस."

मग थोडा वेळ नुसतं पाणी बोटीला लागल्याचा आवाज.

"ट्रिनाचा फोन आला होता परवा. पाय सुजतात म्हणाली. तुझेही सुजायचे. मी सांगितलं, मीठ कमी खा. तू असतीस तर दुसरंच काही सांगितलं असतंस. मला कुठे ठाऊक असतंय."

पुन्हा पाणी.

"तू शिवलेल्या पार्क्याच्या गळ्याभोवतीची फर झडतेय. इकडून सगळीच गेली. कुणाकडे शिवायला द्यायची म्हटलं तर ती आधी तुझे टाके उसवणार. म्हणून तसाच घालतोय. गावात हसत असतील. हसू देत."

गावात त्या वेळी कुणी हसत नव्हतं. रेडिओचा आवाज कमी करता येतो, त्याला बटण असतं. माझ्या माहितीत एकाही घरात ते कुणी फिरवलं नाही. मीही नाही.

हे साडेचार मिनिटं चाललं. नऊ वाजून सतरा मिनिटांनी चॅनेल मोकळा झाला. पहिला आवाज डाल्टनचा आला. "पोरा," तो म्हणाला, "माईकवरून ऊठ."

अस्वलं गावात शिरू नयेत म्हणून जो पहारा असतो, डाल्टन त्यावर असतो. वय चौतीस. इझ्राचे वडील गेले त्याच हिवाळ्यात तो जन्मला आणि त्याला त्यांचं नाव ठेवलं. त्यामुळे एकसष्ट वर्षांचा इझ्रा त्याला बाबा म्हणतो आणि डाल्टन त्याला पोरा. मी इझ्राची चुलत बहीण, म्हणून डाल्टन माझा काका. लहानपणी तो माझ्याकडूनच गोळ्या घ्यायचा आणि वर मलाच दरडावायचा, "पोरी, काकाला कमी देतात होय?"

चॅनेल अडकला तेव्हा डाल्टनला रेडिओवर काही बोलता येईना. तो ट्रक घेऊन वाळूच्या पट्टीवर गेला आणि बोटीच्या दिशेनं दिवे उघडझाप करत राहिला. इझ्रानं वर पाहिलं, उठून उभा राहिला, आणि सीटवर पडलेला माईक मोकळा झाला. तो माईकवरच बसला होता.

दिव्यांनी अस्वलं हलली. बोटीवर अस्वलांचे फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांपैकी दोघांनी परत आल्यावर माझ्याकडे तक्रार केली की ट्रकवाल्यानं त्यांची सकाळ वाया घालवली. मी ती लिहून घेतली.

*

बोटीवर काय घडलं ते मला रेगुलाकडून कळलं. रेगुला स्वित्झर्लंडची. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, उंच, बोलायला कमी. गेले चार सप्टेंबर ती येते आणि दर वेळी इझ्राचीच बोट घेते. इतर बोटींवर जास्त गप्पा असतात म्हणून.

इझ्राची बोट चोवीस फुटी, ॲल्युमिनियमची. खाडीत शिरल्यावर तो इंजिन बंद करतो आणि बोट वाऱ्यावर सोडतो. अस्वलापासून तीस यार्डांच्या आत जायचं नाही. अस्वल स्वतः आलं तर मागे सरायचं. फोटोवाल्यांनी उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, लेन्स काठावर ठेवलेल्या वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि श्वास बाजूला सोडायचा, नाहीतर काचेवर बर्फ धरतो. बोलतो तो एकटा इझ्रा, हलक्या आवाजात, न थांबता. आपण कुठे आहोत ते अस्वलाला कळावं, म्हणजे ते दचकत नाही, असं तो पाहुण्यांना सांगतो. पाहुण्यांना भाषा येत नाही. त्यातल्या एकानं आपल्या लेखात लिहिलं होतं की कप्तान अस्वलांसाठी प्रार्थना म्हणतो.

"मलाही तेच वाटायचं," रेगुला म्हणाली. "चार वर्षं. मला वाटायचं, किती लांब प्रार्थना आहे यांची."

त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हता. पट्टीच्या पूर्व टोकाला, जिथे आम्ही देवमाशांची हाडं टाकतो, तिथे अकरा अस्वलं होती. नऊच्या सुमाराला बारावी आली. मादी, एकटी, मोठी, पाठ पिवळसर. ती हाडांकडे गेली नाही. पाण्याच्या काठाशी येऊन पुढचे पाय जुळवून बसली आणि बोटीकडे बघत राहिली. रेगुलाच्या म्हणण्याप्रमाणे इझ्रानं माईक हातातून खाली ठेवला, सीटवर मागे सरकला आणि बोलायला लागला. त्यानं थर्मासातला चहा ओतून घेतला होता. तो संपेपर्यंत बोलणं संपलं नाही.

दहा चाळीसला बोट धक्क्याला लागली. डाल्टन दोरी घ्यायला उभा होता, मीही गेले होते. इझ्रानं आमच्या तोंडाकडे पाहिलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"साडेचार मिनिटं," मी म्हणाले.

"कुणी ऐकलं?"

"पोरा, कोण राहिलं असेल ते विचार," डाल्टन म्हणाला. "शाळेतसुद्धा चालू होता. अंड्यांवर बदकीण बसते तसा बसला होतास."

इझ्रानं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. पाहुण्यांना एकेक करून हात देऊन उतरवलं. शेवटी डाल्टनला म्हणाला, "बाबा, दिवे कशाला मारलेस? ती उठून गेली ना."

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ट्रिनाच्या फोनचा अर्थ लागणार नाही.

माणूस गेलं की त्याचं नाव मोकळं होतं. पुढे जन्मलेल्या पोराला ते दिलं की माणूस परत आलं असं आम्ही धरतो, आणि त्या पोराशी तसंच वागतो. कुनानचं नाव साडेतीन वर्षं मोकळं होतं. या काळात गावात सहा बाळं झाली. एकाही आईनं ते नाव मागितलं नाही, कारण ते ट्रिनासाठी राखलं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रिना ही इझ्रा आणि कुनानची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर ती फेअरबँक्सला, शहरात गेली. गेली दोन वर्षं देवमाशाच्या शिकारीच्या दिवसांतही आली नव्हती. आता तिला बाळ होणार होतं. ऑक्टोबरअखेरची तारीख दिली होती. मुलगी आहे हे कळल्यावर तिनं आईच्या नावाचं मला फोनवर सांगितलं होतं आणि मी ते गावात सांगितलं होतं.

अकरा पन्नासला तिचा फोन आला. बापाला नाही, मला.

"आत्या, खरं आहे का?"

"काय ऐकलंस?"

"सगळं ऐकलं. शाळेत कुणीतरी मोबाइलवर धरलं होतं. मला तिघांनी पाठवलं." ती थांबली. "माझे पाय सुजलेत हेसुद्धा त्या अस्वलाला सांगितलंय."

"एकटा आहे गं तो."

"मग मला फोन करायचा. माझ्याशी तो दोन मिनिटं बोलतो. हवा कशी आहे ते सांगतो आणि ठेवतो. तिच्याशी साडेचार." तिचा आवाज चढला नाही. "आत्या, त्यानं आईचं नाव तिला दिलंय का? दिलं असेल तर मी काय करू?"

मी म्हणाले, बर्था आजीला विचारते.

*

बर्था आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. नावांच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द तिचा. मी गेले तेव्हा ती सीलचं कातडं खरवडत बसली होती. तिनंही ऐकलं होतं.

"कुत्र्याला नाव दिलेलं मी पाहिलंय," ती म्हणाली. "माझ्या आजोबांच्या बर्फगाडीला जुंपलेल्या पुढच्या कुत्रीला त्यांच्या बहिणीचं नाव होतं. तिला कधी चाबूक लावला नाही. एक नाव दोन पोरांना असतं, तीन पोरांना असतं. पण अस्वलाला? आपण खातो त्याला. मला ठाऊक नाही. कुणी केलंच नाही तर मला कुठून ठाऊक असणार?"

"मग ट्रिनानं काय करायचं?"

"इझ्राला विचार. दिलं, की नुसतंच तोंडातून गेलं? एकटा माणूस स्टोव्हशीही बोलतो. मी या चाकूशी बोलते. नुसतं बोलणं होतं म्हणाला तर नुसतं बोलणं होतं. मी ऐकेन, गाव ऐकेल." तिनं चाकू खाली ठेवला. "पण खरं असेल तरच म्हणू दे. खोटं सांगून मोकळं केलेलं नाव पोरीला लावलं तर ते तिच्या अंगी लागणार नाही. आणि त्याला सांग, तो पार्का घेऊन ये म्हणावं. टाके न उसवता फर बसवता येते. त्याला काय कळतंय शिवणातलं."

मी ट्रिनाला कळवलं. तिनं लगेच उत्तर दिलं, जणू ठरवूनच ठेवलं होतं. "रेडिओवर सांगू दे. ते सगळ्यांनी ऐकलं, हेही सगळ्यांनी ऐकू दे. नुसतं बोलणं होतं, एवढं एक वाक्य. मग मी नाव लावते. नाहीतर नाही, आत्या. आईचं नाव हाडांच्या ढिगावर हिंडत असेल आणि उद्या कुणी ते गोळी घालून खाली पाडणार असेल, तर ते मी माझ्या पोरीला देणार नाही."

डाल्टनची अडचण तीच होती, दुसऱ्या टोकानं. संध्याकाळी तो कचेरीत आला, माझ्या समोरच्या खुर्चीत बसला, बंदूक भिंतीला टेकवली.

"पोरी, मला एक सांग. ती मादी गावात शिरली, तर मी काय करायचं? दोनदा फटाक्याची काडतुसं, मग रबरी, मग खरी. नियम असा आहे. कुनान माझी सून, तिनं मला लहानपणी जेवू घातलंय."

"ती मादी गावात आली आहे का कधी?"

"नाही. म्हणून तर झोप येते. आली तर?"

त्यानं वहीतली नऊ बाराची अर्धी नोंद पाहिली. "हे पुरं कर की," तो म्हणाला. मी म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा काय लिहू." त्यानं वही मिटली.

*

सव्वीस तारखेला, शुक्रवारी दुपारी, रेगुला कचेरीत आली. दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. तिनं टेबलावर संगणक उघडला.

"तुम्हाला काही दाखवायचंय. दाखवावं की नाही ते मला कळत नाही, म्हणून आधी तुम्हाला."

पडद्यावर एका मादीचं तोंड होतं, अगदी जवळून. मिशा फुटतात तिथे काळे ठिपके असतात, ओळीत. दोन अस्वलांचे ठिपके सारखे नसतात, रेगुला म्हणाली. माणसाच्या अंगठ्यासारखं. तिनं चार वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावले. पहिली दोन वर्षं एक मादी. वरच्या ओळीत पाच ठिपके, त्यातला एक खाली घसरलेला. पुढची दोन वर्षं, गेल्या मंगळवारसकट, वरच्या ओळीत तीन. डाव्या कानाची कड फाटलेली.

"पण बसतात दोघी सारख्याच," मी म्हणाले.

"हो. तीच जागा, तेच पाय जुळवणं. म्हणून मलाही आजवर कळलं नाही. काल रात्री मोजले." तिनं चष्मा काढून पुसला. "ते ज्या अस्वलाशी बोलतात ते एक अस्वल नाहीच. मला वाटलं, हे कळलं तर त्यांना सोपं जाईल. ते वाक्य म्हणायला."

त्या वाक्याचं तिलाही ठाऊक झालं होतं. गावात नव्यानं उतरलेल्या माणसालाही दोन दिवसांत ठाऊक होत होतं.

मी इझ्राला बोलावून घेतलं. तो आला, पार्का घातलेलाच. फर खरंच एका बाजूनं पार गेली होती. रेगुलानं फोटो दाखवले, ठिपके बोटानं मोजून दाखवले. पाच. तीन. त्यानं बराच वेळ पाहिलं. पाचवालीचं तोंड असलेला फोटो त्यानं मोठा करायला सांगितला. मग म्हणाला, "फार चांगला काढलाय."

"इझ्रा," मी म्हणाले, "कळलं का ती काय म्हणतेय? या दोन आहेत."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कान फाटलेला दिसत नाही का? चाळीस वर्षं अस्वलं बघतोय मी, थेल्मा." त्याचा सूर रागाचा नव्हता. "पहिली दोन वर्षं आली. त्या पुढच्या वर्षी नाही आली. मी आठ दिवस बोट सोडत होतो, पाहुणे नसतानाही. नवव्या दिवशी ही आली. तिच्या जागेवर येऊन बसली."

"मग?"

"मग काय. ती गेली असणार. नाव मोकळं झालं. मी हाक मारली, हिनं मान वळवली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आपण असंच करतो ना?"

रेगुलाला आमचं बोलणं कळत नव्हतं. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिनं संगणक मिटला आणि विचारलं, "मी मदत केली, की घोटाळा केला?"

मी तिला खरं उत्तर दिलं, की मला सांगता येत नाही.

रेगुला गेल्यावर मी इझ्राला ट्रिनाचं वाक्य पुन्हा सांगितलं, बर्था आजीची अट सांगितली. "एक वाक्य आहे. नुसतं बोलणं होतं. म्हण, आणि नातीला नाव मिळू दे."

"ते खोटं होईल."

"मग दिलं म्हणून सांग. जे असेल ते सांग."

"मग ट्रिना नाव लावणार नाही."

"नाही लावणार."

तो पार्क्याच्या बाहीवरचे केस वेचत बसला. "तिच्याशी फोनवर बोलायला मला जमत नाही," तो म्हणाला. "ती हॅलो म्हणते ना, आवाज तोच आहे. अगदी तोच. मग मी हवा सांगतो आणि ठेवतो."

"हे तिला सांगितलंस का कधी?"

"हे काय सांगायचं?"

*

सहा ऑक्टोबर, सोमवार. सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी रेडिओवर इझ्रा आला. मोसमातली त्याची शेवटची फेरी शनिवारीच झाली होती. बोट ओढून किनाऱ्यावर घेतली होती. म्हणजे बोलायला बोटीचं कारण नव्हतं. मी पेन उचललं. नंतर अनेकांनी मला सांगितलं की त्यांनीही हातातलं काम थांबवलं.

"सगळ्यांना गुड मॉर्निंग. इझ्रा बोलतोय," तो म्हणाला. "वारा ईशान्येचा, पंधरा. खाडीत पातळ बर्फ धरलाय, त्यावर पोरांना सोडू नका."

बटण त्यानं सोडलं नाही. चॅनेल उघडाच राहिला. मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत त्याचा श्वास ऐकू येत होता आणि मागे किटली.

"एवढंच," तो म्हणाला, आणि चॅनेल बंद झाला.

नऊ वाजता शाळेनं बस उशिरा येणार असल्याचं कळवलं.

ट्रिनाला मी जे घडलं ते सांगितलं, सेकंदांसकट. ती म्हणाली, "हवा सांगितली." मी म्हणाले, हो. मग इझ्रा त्या दिवशी जे बोलला होता तेही सांगितलं, तिच्या आवाजाचं. हे सांगायचा मला अधिकार होता की नाही, ठाऊक नाही. ती म्हणाली, "आत्या, हे त्यानं सांगायला हवं होतं. तू नाही."

एकोणीस ऑक्टोबरला समुद्र पट्टीच्या बाहेरही गोठला आणि अस्वलं शिकारीसाठी बर्फावर निघाली. डाल्टन पूर्व टोकावर होता. त्याच्या सांगण्यावरून नोंद अशी आहे: दहा पाच, दोन पिल्लांसह मादी, उत्तरेला. दहा वीस, तरुण नर, उत्तरेला. दहा पस्तीस, एकटी मादी, डावा कान फाटलेला, काठावर सहा मिनिटं बसली, मग उत्तरेला. इझ्रा पायी आला होता आणि डाल्टनपासून दोनशे यार्डांवर उभा होता.

"त्यानं हाक मारली का?" मी विचारलं.

"ऐकू नाही आली. वारा उलटा होता."

"तोंड हललं का?"

"पोरी, दोनशे यार्डांवरून तोंड दिसतं का?"

"तिनं मान वळवली का?"

डाल्टननं विचार केला. "एकदा वळवली," तो म्हणाला. "माझ्याकडे, की त्याच्याकडे, सांगता येत नाही. आम्ही दोघं एकाच बाजूला होतो."

*

सत्तावीस ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता फेअरबँक्सच्या इस्पितळात ट्रिनाला मुलगी झाली. वजन सात पौंड एक औंस. दोघी बऱ्या आहेत. इस्पितळाच्या फॉर्मवर नावाची जागा ट्रिनानं कोरी ठेवली आहे. बाळाच्या पायाच्या पट्टीवर फक्त आईचं नाव आहे. ट्रिना मला म्हणाली की ती काही दिवस वाट पाहील, किती ते तिनं सांगितलं नाही. दुसरं नाव तिनं ठरवलंय का, हेही नाही.

मी ही बातमी रेडिओवर दिली. इझ्रा वीस मिनिटांत कचेरीत आला. "आवाज कसा होता?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "कुणाचा?" त्यानं फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती ते विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मग त्यानं एकतीस तारखेच्या विमानात जागा आहे का विचारलं. कुनानच्या आजारपणानंतर तो एकदाही बेटाबाहेर गेलेला नाही.

जागा होती. त्याच संध्याकाळी तो बर्था आजीच्या दारापर्यंत गेला आणि पार्का अंगात तसाच ठेवून परत आला, असं तिच्या नातवानं सांगितलं. आजी म्हणते, तिनं त्याला खिडकीतून पाहिलं, पण हाक मारली नाही.

एकतीस तारखेला वाऱ्यामुळे विमान उतरलं नाही. एक तारखेला ते आलं, गावावर दोन घिरट्या घातल्या आणि धावपट्टी दिसत नाही म्हणून परत गेलं. रविवारी विमान नसतं. काल आलंच नाही.

आज चार नोव्हेंबर, मंगळवार. सकाळच्या विमानासाठी इझ्रा आठ वाजल्यापासून कचेरीत बसला होता. अकरा दहाला वैमानिकानं परत फिरत असल्याचं कळवलं. पुढचं विमान उद्या, हवा बरी असेल तर. इझ्रानं पिशवी इथेच ठेवली आहे. आत गोठवलेला देवमाशाचा तुकडा आहे म्हणून मी ती बाहेरच्या थंड खोलीत हलवली. तो बसला होता त्या खुर्चीवर फरचे केस पडले आहेत.

जाताना त्यानं फेअरबँक्सचा नंबर माझ्याकडून मागून घेतला. तो त्याच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. त्यानं तो हातावर लिहून घेतला. घरी जाऊन फोन केला की नाही, हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.